बोपदेव घाटाच्या आधी मैदान

गाडी दोनदा पडली होती, आणि दोन्ही वेळा पेट्रोलपंपावर. मी मोटारसायकल शिकवतो; फोनवर एका बाईंनी एवढंच सांगितलं आणि लगेच म्हणाल्या, "सर, मला फक्त हायवेची प्रॅक्टिस द्या. महिनाअखेरीला ऑफिसचा ग्रुप हरिहरेश्वरला चाललाय." १५ वर्षं स्कूटर चालवलेली. मोटारसायकल ३५० सीसीची, वजन १९० किलोच्या घरात, १८ हजार किलोमीटर पळालेली, चार महिन्यांपूर्वी सेकंडहँड घेतलेली. पुण्याहून ताम्हिणी घाटामार्गे हरिहरेश्वर म्हणजे एका बाजूचे पावणेदोनशेच्या आसपास किलोमीटर.

दोन्ही वेळा पंपावरच पडली म्हटल्यावर हायवे नंतर, हे माझं ठरलं. पंपावर रांगेत शिरताना वेग चालण्याइतका असतो, हँडल वळलेलं असतं, आणि पुढचा माणूस थांबला की बोटं आपोआप पुढच्या ब्रेकवर जातात. वळलेल्या हँडलवर पुढचा ब्रेक दाबला की गाडी त्याच बाजूला बसते. त्यात फरशीवर डिझेल सांडलेलं. १९० किलो एकदा कलले की पायाने धरून राहत नाहीत, मग पाय कितीही लांब असोत.

जानेवारीतला रविवार, सकाळी साडेसहा. कोंढव्याच्या पुढे एका गोदामाचं सिमेंटचं आवार सुट्टीच्या दिवशी मोकळं मिळतं, साधारण ६० मीटर लांब. बाई हेल्मेट, ग्लोव्ह्ज, घोट्यावरचे बूट असं सगळं नीट घालून आल्या होत्या. आधी गाडी पाहिली. चेन खालच्या बाजूला मधोमध बोटाने वर-खाली केली, अडीच सेंटिमीटरच्या आसपास हलली, ठीक. क्लच लिव्हरला टोकाशी सेंटिमीटरभर मोकळी चाल होती, तीही ठीक. लिव्हर मात्र आडव्या लावलेल्या होत्या, मनगट वर मोडून बोटं टाकावी लागत होती. दोन्ही क्लॅम्पचे बोल्ट सैल करून लिव्हर खाली झुकवल्या, कोपरापासून बोटांपर्यंत सरळ रेष येईल इतक्या. हवा थंड टायरवर मोजली: पुढे २२, मागे २६. स्विंगआर्मवरच्या, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या, स्टिकरवर दोन्हीकडे ३२ छापलंय. "पंपावर भरतेच की मी," बाई म्हणाल्या. पंपावर पोचेपर्यंत टायर तापतो, आकडा दोन-तीनने वर दिसतो आणि भरणारा तेवढ्यावर नळी काढतो. पायपंपाने हवा भरली.

पहिला पाठ हळू चालण्याचा. खडूने ६० सेंटिमीटर रुंद, १५ मीटर लांब पट्टा आखायचा आणि तो दहा सेकंदांपेक्षा लवकर पार करायचा नाही. पहिला गियर, हाफ क्लच म्हणजे क्लच अर्धाच सोडलेला, ॲक्सिलरेटर अगदी थोडा आणि एका जागी धरलेला, वेग मारायचा तो उजव्या पायाने मागच्या ब्रेकवर. पुढच्या ब्रेकला हात नाही. नजर पट्ट्याच्या टोकापलीकडे. इंजिन ओढतंय आणि मागचा ब्रेक अडवतोय, या ओढाताणीत गाडी ताठ राहते. ॲक्सिलरेटर सोडून हळू जायला गेलात की डुलते.

बाईंची गाडी डुलत होती. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे, पट्ट्याबाहेर. पाचवी खेप झाली तेव्हा मी त्यांच्याकडे पाहणं सोडून पुढच्या चाकाकडे पाहायला लागलो, कारण त्यांच्यात खोट सापडत नव्हती. कोपरं सैल, मान वर, पाय ब्रेकवर बेताने. आधी शंका हवेची होती, ती तर भरलेली. मग गाडी मी घेतली. पट्ट्यात शिरलो आणि तिसऱ्या मीटरला हँडलमध्ये कळलं: सरळ रेषेत आलं की ते अडकत होतं. तिथून हलवायला किंचित जोर, आणि हलवलं की गरजेपेक्षा जास्त वळायचं.

गाडी डबल स्टँडवर घेतली, बाईंना मागे कॅरियरवर जोर द्यायला सांगितला, पुढचं चाक हवेत. एका बोटाने हँडल सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. मधोमध 'टक'. त्यांनाही फिरवायला लावलं.

"हे असंच असतं असं वाटलं मला," त्या म्हणाल्या.

कोनसेट गेला होता. हँडलचा दांडा फ्रेमच्या नळीत वर-खाली दोन वाट्यांत छर्‍यांवर फिरतो. गाडीचं बहुतेक आयुष्य सरळ जाण्यात जातं, म्हणजे छर्रे कायम त्याच जागी, आणि खड्डे, गतिरोधक यांचे सगळे हादरे वाटीच्या त्याच ठिकाणी. ग्रीस सुकलेलं असलं की तिथे छर्‍यांचे खळगे पडतात आणि हँडल नेमकं मध्यावर खळग्यात बसतं. ताशी ४०–५० ला चाकांची स्वतःची गती गाडी सरळ ठेवते, म्हणून फारसं जाणवत नाही. चालण्याच्या वेगाला तोल हँडलच्या बारीक हालचालींवरच असतो, आणि तिथेच ते अडतं. चार महिने बाई स्वतःच्या तोलाला दोष देत होत्या. विकणाऱ्याने गाडी पुसून चकचकीत करून दिली होती.

नऊ वाजता शटर उघडणारे एक गॅरेजवाले जवळ आहेत. त्यांचं पहिलं वाक्य अपेक्षेप्रमाणे, "टाइट करून देतो, दहा मिनिटांत." टाइट केल्याने फोर्कचा, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन दांड्यांचा, खडखडाट जातो, खळगे तसेच राहतात. उलट जास्त आवळला तर चांगला कोनसेटही हँडल जखडतो आणि गाडी अशीच डुलते. वाट्या, छर्रे, कोन असा पूर्ण संच बदला म्हटलं. तीन तासांचं काम, भाग आणि मजुरी धरून दोन हजारांच्या आत. बसवल्यावर तपासायची रीत सोपी आहे: चाक हवेत असताना हँडल मध्यावर धरून हलका धक्का द्यावा, ते स्वतःच्या वजनाने एका बाजूला पडलं पाहिजे, आणि फोर्क खालून धरून पुढे-मागे ओढला तर खडखडता कामा नये.

मधले तीन तास माझ्या १५० सीसीच्या शिकवणीच्या गाडीवर ब्रेक. ताशी ४० ने यायचं, खुणेच्या प्लॅस्टिकच्या कोनापाशी ब्रेक सुरू, थांबल्यावर टेप लावायची. पहिली खेप १८ मीटर. सिमेंटवर मागच्या टायरचा काळा पट्टा, इंजिन मात्र मोकळं गुरगुरत होतं. स्कूटरवरून आलेल्यांचं हे हमखास होतं. स्कूटरला डाव्या हाताला मागचा ब्रेक असतो, त्यामुळे दचकलं की डावा हात आधी आवळतो. मोटारसायकलला तिथे क्लच आहे. क्लच दाबला की इंजिनचा अडसर गेला, गाडी सुटल्यासारखी पुढे घरंगळते, मग घाबरून उजवा पाय दणकन खाली आणि मागचं चाक जाम. २०१९ पासून १२५ सीसीवरच्या नव्या गाड्यांना एबीएस, म्हणजे ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचं आहे, पण बऱ्याच गाड्यांत ते पुढच्याच चाकाला असतं. माझीही तशीच.

म्हणून क्रम मोडून पुन्हा बसवला. ॲक्सिलरेटर बंद. पुढचा ब्रेक दोन टप्प्यांत: आधी बोटांनी मोकळी चाल संपवून फोर्क दबू द्यायचा, भार पुढच्या चाकावर आला की मग जोर वाढवायचा. मागचा ब्रेक सोबतीला, हलका. क्लच अगदी शेवटी, गाडी थांबता थांबता. "आणि बंद पडली तर?" पडू द्या. पहिले सहा थांबे तर मी डावी बोटं मुठीवरच ठेवायला लावली, क्लचला हातच नाही, प्रत्येक वेळी इंजिन बंद. बारावी खेप ११ मीटर. ताशी ४० म्हणजे सेकंदाला ११ मीटर, तेव्हा दचकण्यात एक सेकंद गेला तर एकूण २२ झाले. ६० ला नुसतं ब्रेकचं अंतर सव्वादोन पट होतं. हा हिशेब बाईंनी माझ्याआधी केला, त्यांचा धंदाच आकड्यांचा.

दुपारी स्वतःच्या गाडीवर तोच खडूचा पट्टा: दुसऱ्या खेपेला १३ सेकंद. त्या काही बोलल्या नाहीत, पुन्हा सुरुवातीला जाऊन उभ्या राहिल्या. मग दोन पदरी रस्त्याइतक्या, म्हणजे सात मीटरांत यू-टर्न: गाडी आत कलवायची, अंग बाहेर ठेवायचं, हनुवटी खांद्यावर. थांबायचं ते हँडल सरळ करून आणि शेवटचं दोन हात अंतर मागच्या ब्रेकवर. डावा पाय जमिनीवर, उजवा ब्रेकवर. उंची कमी असली तर बूड थोडं डावीकडे सरकवून एकच पाय पूर्ण टेकवावा; दोन चवड्यांवर तोलण्यापेक्षा ते भरवशाचं.

साडेतीनला येवलेवाडीवरून बोपदेव घाट. मी मागे, कानात इंटरकॉम. ताम्हिणीची रंगीत तालीम म्हणून हा घाट बरा: छोटा, पण चढ खडा आणि वळणं आवळलेली. गियर वळणाच्या आधी उतरवायचा, वळणात नाही. उजव्या वळणाला आपल्या पदराच्या डावीकडे, कडेची खडी टाळून. डाव्या वळणाला पदराच्या मध्यावर, मधल्या रेषेपासून लांब, कारण उतरणारे ती रेष खातातच. वर एका रुंद जागी चढावर थांबून निघण्याच्या पाच खेपा केल्या: मागचा ब्रेक धरून ठेवायचा, हाफ क्लचला इंजिन ओढायला लागलं की मगच पाय सोडायचा. पुढे बोपगावला चहा आणि परत त्याच घाटाने खाली. सासवडवरून दिवे घाटाने आलो असतो तर नवा रस्ता आणि उतार दोन्ही एकदम अंगावर आले असते.

उतरताना नियम जुनाच: ज्या गियरमध्ये चढलात त्यातच उतरा. क्लच दाबून घरंगळायचं नाही, ब्रेक तापतात आणि ऐन वेळी पोकळ लागतात. मधल्या एका उजव्या वळणावर खालून एक पिकअप ट्रॅक्टरला ओलांडत थेट आमच्या पदरात आला. इंटरकॉमवर काही बोलायला वेळच नव्हता. समोर बाईंचा ब्रेकलाइट लागला, फोर्क दबला, गाडी ताठ झाली आणि डावीकडच्या मोकळ्या पट्टीत सरळ हँडलने थांबली. पिकअप हॉर्न वाजवत गेला. दुसऱ्या गियरमध्येच इंजिन बंद पडलं होतं.

"सॉरी सर, क्लच राहिला दाबायचा."

राहिला तेच बरं झालं, असं म्हणालो. सकाळचा डावा हात असता तर क्लच आधी दाबला गेला असता, आणि उतारावर मोकळी सुटलेली गाडी त्या पट्टीत थांबली असती असं मला वाटत नाही. तरी पुढच्या वळणापर्यंत त्या पहिल्या गियरमध्येच उतरल्या, मीही घाई केली नाही.

खाली आल्यावर पुढचे तीन आठवडे ठरवले. एक फेरी ६० किलोमीटरची, एक १२० ची, तिसरी सामान बांधून. सामान आठ-दहा किलोच, सीटवर, मागच्या चाकाच्या एक्सलच्या पुढे राहील असं. हँडलला पिशवी अडकवायची नाही. तासाभराने थांबायचंच, दमलं नसलं तरी. मागच्या बाकावर कोणी नको. अंधारात निघणं नको, उसाच्या ट्रॉल्यांना मागे दिवा असेलच असं नाही. ग्रुपमध्ये वेग पुढच्याच्या बरोबरीने नाही, आपल्या दोन सेकंदांच्या अंतराने. मागे पडलं तर माणगावच्या नाक्यावर भेटतील.

परतीच्या वाटेवर पेट्रोलचा दिवा लागला होता. पंपावर रविवार संध्याकाळची रांग, फरशी काळी. बाई शिरण्याआधीच सरळ रेषेत आल्या, दोन हात अलीकडे मागच्या ब्रेकवर थांबल्या, डावा पाय टेकवला, पुढचा स्कूटरवाला हलेपर्यंत तशाच राहिल्या आणि मग हाफ क्लचवर नळीपर्यंत गेल्या.

"पाचशेचं," त्या म्हणाल्या, "आणि हवा नको, थंड असताना बघीन."