दीड किलो

चिनूचं वजन आज साडेसोळा किलो भरलं. उन्हाळ्यात पंधरा होतं. डॉक्टरांनी काट्याकडे पाहिलं आणि कागदावर डोस तोच लिहिला: आकडीचं औषध लेव्हेटिरॅसिटम 300 मिलिग्रॅम, सकाळी आणि रात्री. "आहे तेच चालू ठेवा." दुपारपासून तेवढं एकच वाक्य डोक्यात घोळतंय.

हिशोब सोपा आहे, म्हणूनच छळतो. दिवसाचे 600 मिलिग्रॅम. पंधरा किलोला किलोमागे 40 पडत होते, आता 36 पडतात. कुणी कमी केलं नाही तरी औषध कमी झालं. इतक्या मिनतवाऱ्या करून भरवलेला वरणभात अंगी लागला याचा आनंद करायचा की धास्ती घ्यायची? बाकीच्या आया काट्यावरचा आकडा बघून हसतात. मला हसण्याआधी भागाकार करावा लागतो. आत्याला हे कसं सांगणार? जाऊ दे.

बाटलीवर 1 मिलिलिटरमध्ये 100 मिलिग्रॅम असं लिहिलेलं असतं, म्हणून एका वेळी 3 मिलिलिटर. पण कुणाला सांगताना नुसतं "3 एमएल" म्हणू नये. व्हॅल्प्रोएट या आकडीच्याच दुसऱ्या औषधाचं नेहमीचं सिरप 5 मिलिलिटरला 200 मिलिग्रॅम असतं. त्याच्या 3 मिलिलिटरमध्ये फक्त 120 मिलिग्रॅम येतात. औषधाचं नाव, मिलिग्रॅम आणि मिलिलिटर, तिन्ही एकत्र लिहावं. चमचा नको, टोपणाचं मापही नको. 5 मिलिलिटरच्या सिरिंजवर रेघा 0.2 च्या असतात, 2 मिलिलिटरच्या सिरिंजवर 0.1 च्या. त्यामुळे कधी 3.3 द्यायची वेळ आली, तर मोठ्या सिरिंजवर ते अंदाजाने होईल. त्यापेक्षा लहान सिरिंजने दोनदा भरावं. आत बुडबुडा राहिला तर तेवढं औषध कमी जातं. सिरिंज उभी धरून टिचकी मारायची, हवा बाहेर काढायची, मग रेघ बघायची. तोंडात देताना गालाच्या आतल्या बाजूला, हळूहळू.

पुन्हा तेच, 36.

का नाही वाढवला? शांतपणे विचार केला की उत्तर समोरच असतं. मुलांमध्ये हे औषध साधारणपणे दिवसाला किलोमागे 20 ते 60 मिलिग्रॅम देतात. 36 त्या पल्ल्याच्या मध्याजवळच आहे. डोस नुसत्या काट्यावर ठरत नाही, आकडी येते की नाही यावरही ठरतो. आकडी थांबलेली असताना वाढवला, तर मिळणार काय? चिडचिड. या औषधाने काही मुलं हट्टी होतात, मारायला धावतात, रात्री रडत उठतात, आणि घरच्यांना वाटतं की लाडाने बिघडलं. तेही दिवस पाहिलेत. त्याबद्दल आज नको.

पण रात्री वाटतं, लहान मुलांच्या शरीरातून हे औषध मोठ्यांपेक्षा लवकर बाहेर पडतं. म्हणून तर आठ ते आठ पाळायचं. एखादा डोस राहिला तर आठवल्याबरोबर द्यायचा, पण पुढच्याची वेळ जवळ आली असेल तर पुढचाच, कधीही दुप्पट नाही. उलटी झाली तर पुन्हा द्यायचा का, हे किती मिनिटांनी झाली यावर असतं. ते डॉक्टरांकडून आधीच लिहून घेतलेलं बरं. ताप आणि जागरण ही आकडीची दोन कारणं तर घरोघरी माहीत आहेत. कापराचं मात्र कुणी सांगत नाही. सर्दी झाली की बाळाच्या गळ्यात कापराची पुरचुंडी बांधतात, छातीला कापूर घातलेला बाम चोळतात. कापराने आकडी येऊ शकते. आमच्याकडे तो फक्त आरतीला, आणि तेव्हा चिनू दुसऱ्या खोलीत.

बाटली 100 मिलिलिटरची. रोज 6 जातात, म्हणजे सोळा दिवस. दुसरी बाटली घरात असल्याशिवाय पहिली संपू द्यायची नाही, दिवाळीत तर नाहीच. औषध एकदम तुटलं तर थांबलेली आकडी परत येते.

एक गोष्ट मात्र वजनाबरोबर बदलायलाच हवी होती आणि ती विचारून घेतली: आकडी थांबत नसेल तेव्हा मारायचा नाकातला मिडाझोलामचा स्प्रे. हिशोब किलोमागे 0.2 मिलिग्रॅम. पंधराला 3 मिलिग्रॅम, म्हणजे 0.5 च्या पफचे सहा, तीन एका नाकपुडीत, तीन दुसऱ्या. साडेसोळाला 3.3 होतात, सात पफ सांगितले. 1.25 च्या पफची बाटलीही मिळते, तेव्हा बाटली बदलली तर पफांची संख्या बदलणार. नवी बाटली असेल तर आधी हवेत दाबून बारीक फवारा येतो ना ते पाहायचं.

डोस तोच ठेवून मुलाला वाढू देणं, हाही औषध हळूहळू उतरवण्याचा एक मार्ग आहे. काही डॉक्टर मुद्दाम तसं करतात. गेल्या वर्षीचा फ्रॉक आखूड होतो, तसा डोस आखूड होतोय. त्यात घाबरण्यासारखं जेवढं आहे, तेवढंच बरं वाटण्यासारखंही आहे. सहसा दोन वर्षं आकडी नसेल तर बंद करण्याचा विचार होतो, तोही महिनोन् महिने थोडं थोडं उतरवत. तोपर्यंत 36 तर 36. पुढे 34 होईल. होऊ दे, वाढू दे तिला.

शाळेतलं कार्ड नव्याने लिहायचंय. वजन 16.5, पफ सात. आकडी सुरू झाली की घड्याळ बघा, कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, चप्पल-कांदा हुंगवू नका. पाच मिनिटं झाली तर स्प्रे मारा, श्वासाकडे लक्ष ठेवा आणि रुग्णालयात न्या. बाईंच्या हातात द्यायचं, दप्तरात नाही.