एसटी उशिरा यायची म्हणून

आपल्या शाळेची व्याख्यानमाला वेळेवर सुरू झाल्याचं मला तरी आठवत नाही. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली ती १९९८ साली. त्याआधी घाटावरच्या पाहुण्यांनी वेंगुर्ल्याला यायचं तर आंबोली उतरून एसटीनेच. तिकडे गाडी रखडलेली आणि इकडे सभागृह भरलेलं (सभागृह म्हणजे मधल्या फळ्या काढलेले तीन वर्ग). मग हेडसर समोर बसलेल्यांपैकीच कुणाला तरी उभं करत. माझ्या लेखी शाळेतला सर्वांत चांगला तास तो.

एकदा विषय होता समुद्र. पाहुण्यांचा पत्ता नव्हता, तेव्हा वर्गातल्या एका मुलीच्या आजोबांना पुढे बोलावलं. जन्मभर तांडेलकी केलेला, म्हणजे होडीचा म्होरक्या म्हणून दर्यावर गेलेला माणूस. म्हणाले, "पुस्तक कित्याक व्हया? तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ गावतली." चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, बंदरागणिक थोडं पुढेमागे. भूगोलाच्या सरांनी लगेच खडू उचलला. चंद्रामागून भरती रोज उशिरा येते, तीस तिथ्यांत चोवीस तास भरतात, म्हणजे एका तिथीला ४८ मिनिटं. आजोबांची पाऊण ४५ मिनिटांची. पंधरवड्यात पाऊण तासाचा फरक साठतो, पण प्रतिपदेला मोजणी पुन्हा पहिल्यापासून, त्यामुळे तो पुढे वाढत नाही. आजोबांनी फळ्याकडे बघून घेतलं. "होडी ढकलूक तीन मिन्टांचो हिशोब कोण ठेवता?"

तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला: चंद्र एकच, तर दिवसाला भरत्या दोन कशा? आता आजोबाच सरांकडे पाहू लागले. चंद्राची ओढ त्याच्याकडच्या पाण्यावर जास्त, पृथ्वीच्या मध्यावर त्याहून कमी आणि पलीकडच्या पाण्यावर सर्वांत कमी. म्हणून अलीकडचं पाणी पुढे सरकतं, पलीकडचं मागे राहतं, आणि फुगवटे दोन होतात. घरामागे खाडी असून हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. पाहुणे आले ते अंधार पडल्यावर. ते काय बोलले, काही आठवत नाही.

आंब्याचा वक्ता मात्र वेळेवर हजर, कारण तो गावातल्याच फळ संशोधन केंद्रातला. नीलम आणि हापूसच्या संकरातून काढलेल्या 'रत्ना'बद्दल ते बोलले. साका (गरात होणारा पांढरट, स्पंजासारखा खराब भाग) होत नाही, दरवर्षी धरतो. हापूस एक वर्ष देतो आणि एक वर्ष रुसतो, हे आमच्या घरी कुणी विचारातही घेत नसे, नशीब म्हणून सोडून देत. झाडाचा स्वभाव माणसाला बदलता येतो, हे ऐकून मी हबकलो. बागायतदार हबकले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "पेटीवर हापूस म्हणून लिहिता येईल काय?" नाही, म्हणाले. मग जी चर्चा पेटली तीत दलाल आले, पेटीचा दर आला, नवं कलम धरेपर्यंत खायचं काय हेही आलं. मेंडेलचे वाटाणे आम्ही तोवर पाच मार्कांसाठी पाठ करत होतो.

व्याख्यानमाला पुन्हा सुरू करायचं समितीने ठरवलंय असं कळलं. आता पाहुणे रेल्वेने वेळेवर येतील, ही अडचणच आहे. तेव्हा कार्यक्रमपत्रिकेत पाहुण्यांच्या आधीचा अर्धा तास गावासाठी राखून ठेवावा, आणि त्या वेळेत माईक मागच्या बाकांकडे फिरवावा, एवढी सूचना.