देवाचा कायमचा पत्ता

सरकारी अर्जात पत्त्याचे दोन रकाने असतात, सध्याचा आणि कायमचा. गोव्यात, आमच्या फोंडा तालुक्यातल्या देवांना हा अर्ज भरायला दिला, तर बहुतेकांना दोन रकान्यांत दोन गावं लिहावी लागतील. मंगेश सध्या राहतो प्रियोळला, मूळचा कुठ्ठाळीचा. शांतादुर्गा कवळ्याची म्हणून सगळे ओळखतात, पण ती केळशीची. म्हाळसा म्हार्दोळला, मूळ गाव वेर्णा. रामनाथ लोटलीचा, कामाक्षी रायची, बांदिवड्याची महालक्ष्मी कोलव्याची. नागेश तेवढा बांदिवड्याचाच, जुना रहिवासी. त्याच्या देवळात १४१३ सालचा शिलालेखच आहे. बाकीचे शेजारी बाहेरून येऊन स्थायिक झालेले.

त्यामुळे ‘देव कुठून आला’ हा प्रश्न इतरत्र तत्त्वज्ञानाचा असेल, आमच्याकडे तो भूगोलाच्या पेपरात येतो.

माझ्या भाचीने, चिमीने, तो जेवणाच्या पानावर विचारला. तिचे बाबा, म्हणजे माझे भावजी, विज्ञान शिकवतात. त्यांनी हातातला घास खाली ठेवला आणि विजेला, वादळाला, मरणाला भिणारा माणूस, मग त्या भीतीतून सुचलेला देव, अशी रीतसर सुरुवात केली. ते गुहेपर्यंत पोचले नाहीत तोच माझी आई सोलकढी वाढता वाढता म्हणाली, “केळशीहून.”

चिमीला हे एकदम पटलं. गावाचं नाव आलं की मुलांना गोष्ट खरी वाटते. पण पटलं म्हणजे संपलं असं थोडंच.

“आणि केळशीला कुठून?”

“तिर्हुताहून.”

“ते कुठे आलं?”

“तिकडे, बिहारात.”

“मग देवीला हिंदी येतं?”

भावजींनी मुकाट्याने भात कालवायला घेतला.

आईने काही मनचं सांगितलं नव्हतं. सारस्वतांची जी परंपरागत कथा आहे तीत परशुराम त्यांना त्रिहोत्रातून, म्हणजे याच तिर्हुतातून, गोमंतकात आणतो, आणि येताना ते आपापले देव घेऊन येतात. त्याच्याही मागे सरस्वतीचा काठ आहेच. इतिहास म्हणून ही कथा कितपत टिकेल ते इतिहासवाले बघतील. मला तीत गंमत वाटते ती ही, की प्रत्येक पत्त्यामागे आणखी एक पत्ता निघतो आणि सांगणाऱ्याला कुठेच अडचण होत नाही. अडचण झाली ती थेट ऋग्वेदातल्या ऋषीला. दहाव्या मंडलातल्या १२९व्या सूक्तात तो हाच प्रश्न धरून मागे मागे जातो आणि म्हणतो, देव तर या सृष्टीनंतरचे, मग ती कुठून झाली ते कोणाला ठाऊक? आणि शेवटी, वर परम व्योमात जो बसलाय त्याला ठाऊक असेल. किंवा त्यालाही नसेल. एवढा प्रामाणिक माणूस. त्याच्यासमोर आमची आई बसली असती तर त्यालाही तिने बिहारपर्यंत आणून सोडलं असतं.

मधला टप्पा मात्र कथेचा नाही, तो झालेला आहे. १५१०मध्ये पोर्तुगिजांनी गोवा बेट घेतलं, १५४३मध्ये साष्टी आणि बारदेश त्यांच्याकडे गेले. मग देवळं पाडायला सुरुवात झाली. १५६०मध्ये इन्क्विझिशन आलं. साष्टीतल्या, म्हणजे कुठ्ठाळी-केळशीकडच्या, लोकांसमोर प्रश्न होता की देवाला न्यायचं कुठे, आणि उत्तर समोर दिसत होतं: झुआरीच्या पलीकडचा अंत्रुज महाल, म्हणजे आजचा फोंडा. तिथे राज्य विजापूरच्या आदिलशहाचं. हा तपशील मला कायम चक्रावून टाकतो. फोंड्यातली साफा मशीद आदिलशहाने बांधली ती १५६०चीच. एकीकडे तिचे चिरे बसत होते आणि त्याच सुमाराला नदीवरून मंगेश, म्हाळसा, शांतादुर्गा त्याच्या मुलखात उतरत होत्या. आज आम्ही त्या मशिदीच्या तळीवरून जाताना फार तर पार्किंग मिळेल का ते बघतो.

देव रात्री नेले असं सांगतात. पाषाणाची मूर्ती असेल तर ती घोंगडीत गुंडाळून किती जणांनी उचलली असेल, होडीत कुठे ठेवली असेल, भरती कधी होती, वल्ह्यांचा आवाज कसा केला नसेल, हे कोणी लिहून ठेवलेलं नाही. लिहिण्यासारखी ती वेळच नव्हती. पण नेणारी माणसं साधी गावकरच असणार. सकाळी शेतात जायचं होतं, जमिनी मागे होत्या, भाऊबंदांतले काहीजण बाटणार होते आणि तेही तिथेच राहणार होते.

फोंड्यात आल्यावर देव काही लगेच आजच्या थाटात राहायला लागले नाहीत. आधी साधं छप्पर असणार. कवळ्याचं आत्ताचं देऊळ उभं राहिलं अठराव्या शतकात, शाहू महाराजांच्या दरबारातल्या नारो राम मंत्र्यांच्या पुढाकाराने. घुमट, कमानीच्या खिडक्या, आत हंड्या-झुंबरं. जरा लांबून पाहिलं तर घर इगर्जीवाल्यांच्या, म्हणजे चर्चवाल्यांच्याच गवंड्याने बांधल्यासारखं. ज्यांच्यामुळे घर सोडलं त्यांच्यासारखंच नवं घर बांधलं, याला काय म्हणावं? मी त्याला चांगली आवड म्हणतो. पुढे फोंडाही पोर्तुगिजांकडे गेला, पण तोवर त्यांचा जोर ओसरला होता आणि देवांना पुन्हा सामान बांधावं लागलं नाही.

चिमीचा याआधीचा सिद्धांत वेगळा होता. देव चितारशाळेतून येतो. चतुर्थीच्या आधी आपला पाट नेऊन द्यायचा, मागे खडूने नाव लिहायचं, विसार द्यायचा आणि ठरल्या दिवशी जाऊन देव घेऊन यायचा. तिने शाडूची माती मळताना पाहिली आहे, न रंगवलेले गणपती फळीवर ओळीने सुकताना पाहिले आहेत, आणि डोळे शेवटी रंगवतात हेही तिला माहीत आहे. या सिद्धांतात खोट काढणं अवघड आहे. पोर्तुगिजांमुळे घरात मूर्ती ठेवायची चोरी झाली त्या काळापासून काही घराण्यांत आजही कागदावरच्या गणपतीची पूजा होते, तेव्हा देवाला मातीचीही सक्ती नाही असं म्हणता येईल. पण पाटाचं उत्तर एका वर्षापुरतंच पुरतं. विसर्जनानंतर तो कुठे जातो, यावर आमच्या घरी अजून बैठक व्हायची आहे.

मग एके दिवशी ती म्हणाली, “देवालाच विचारूया की.” देवाला विचारायची सोय आमच्याकडे आहेच. प्रसाद लावायचा, कौल घ्यायचा. आमच्या देवळात पुजारी फुलाच्या पाकळ्या पाण्यात बुडवून मूर्तीच्या अंगावर ठरलेल्या जागी उजवीकडे-डावीकडे चिकटवतात. मग गाऱ्हाणं घालतात. बाहेरच्या चौकातला पंखा बंद करतात, नाहीतर देवाऐवजी पंख्याचाच कौल मिळायचा. आणि मग सगळे त्या इवल्याशा पाकळीकडे बघत उभे. ती हळूहळू सुकते. एक कड सुटते, वळते, आता पडेल असं वाटतं, आणि ती तशीच लोंबत राहते. ज्याचं काम असतं त्याच्या मानेवरून घाम ओघळतो. कोणाचं लग्न, कोणाच्या जमिनीचा वाद, कोणाला परदेशी नोकरी घ्यावी की नाही. उजवी पडली की मोकळा श्वास.

आम्ही गेलो तेव्हा रांगेत आमच्यापुढे असंच कोणीतरी गंभीर प्रकरण होतं. ते आटोपल्यावर चिमीने आपला प्रश्न पुजाऱ्यांना सांगितला. ते हसले नाहीत, हे मला फार आवडलं. म्हणाले, “बाय, कौलात कुठून, कसं, कधी असं विचारायचं नसतं. देव एक तर हो म्हणतो, नाहीतर नको म्हणतो.”

चिमीने जरा विचार केला. “मग विचारा, होडीतून आलीस का?”

“ते आम्हांला ठाऊकच आहे गो. ठाऊक असलेलं विचारून देवीला कशाला त्रास?”

आणि जे ठाऊक नाही ते हो-नकोत बसत नाही. मी मनात म्हटलं, बंदोबस्त चोख आहे.

या सगळ्या पाहुण्यांच्या आधीची एक देवता आहे आणि तिला हा प्रश्न लागूच पडत नाही. सातेरी. ती कुठूनच आली नाही. ती जमिनीतून वर आली. सत्तरी, डिचोली, सांगे, कुठेही जा, सातेरीच्या जुन्या देवळात गाभाऱ्यात मूर्तीच्या जागी वारूळ असतं. आम्ही त्याला रोयण म्हणतो. माझ्या आजोळच्या गावी आहे. समोरून पाहिलं तर चांदीचा मुखवटा, अबोलीचे वळेसार, हळद-कुंकू. पण समईच्या उजेडात जरा बाजूने वाकून पाहा: मुखवट्याच्या मागे तांबड्या मातीचा खडबडीत सुळका उभा असतो, माणसाच्या उंचीचा, घडीव काहीच नाही. पावसाळ्यात त्याच्या टोकाला ओल्या मातीचे बारीक दाणे ताजे चिकटलेले दिसतात. म्हणजे आत काम चालू आहे. वाळवी रात्रीत मातीचा कण आणते, लाळेने लिंपते, पुन्हा आणते. देवळाच्या वाशांना वाळवी लागली तर समितीची तातडीची बैठक बसते आणि औषध मारायचा ठराव होतो. त्याच देवळात चार हातांवर तिनेच बांधलेल्या सुळक्याला नारळ वाढवतात. यात विसंगती आहे असं मला वाटायचं. आता वाटत नाही. कुठे लागायचं आणि कुठे वाढायचं याचं भान सगळ्यांनाच हवं, वाळवीलाही.

पुढे कित्येक गावांत या सातेरीलाच शांतादुर्गा म्हणू लागले, पुढ्यात दगडी किंवा पितळी मूर्ती आली. पण रोयण कोणी हलवलेली ऐकिवात नाही. ती हलवणार कशी? खालून जमिनीला धरलेली. होडीत बसतात ते हातांनी घडवलेले देव.

हा प्रश्न डोक्यात घेऊन उलट बाहेर पडलेला एक गोवेकरही आहे. सांकवाळचे धर्मानंद कोसंबी, जन्म १८७६. त्याच सांकवाळची विजयादुर्गा केरीला गेली, लक्ष्मी-नृसिंह वेलिंगला. कोसंबींनी लहान मुलांच्या एका मराठी मासिकात बुद्धाबद्दल वाचलं आणि तेवढ्यावर त्यांनी घर सोडलं. काशी, नेपाळ, सिंहलद्वीप असे फिरत बौद्ध पंडित झाले. गंमत अशी की ज्याच्या मागे ते गेले तो बुद्ध असल्या प्रश्नांना उत्तरच देत नसे. बाण लागलेल्या माणसाने बाण कोणी मारला, कुठल्या लाकडाचा, याची चौकशी करत बसायचं का, असं तो विचारायचा. चिमीला हे सांगून पाहिलं. ती म्हणाली, बाण काढल्यावर तरी सांगायला काय हरकत होती?

मला स्वतःला सर्वांत जवळचं उत्तर कुंकळ्ळीचं वाटतं. तिथली शांतादुर्गा फातर्प्याला गेली आणि गेली तरी नावात गाव घेऊन गेली. आजही ती फातर्प्याची शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण आहे. १५८३मध्ये कुंकळ्ळीच्या गावकरांनी पोर्तुगिजांविरुद्ध हत्यार उचललं आणि त्याची जबर किंमत मोजली. नंतर गाव बहुतांश ख्रिस्ती झालं. पण दर फाल्गुनात, शिगम्याच्या दिवसांत, देवी माहेराला यावी तशी मिरवणुकीने कुंकळ्ळीला येते. पुढे गुलाल उधळत रंगीत छत्र्या नाचवतात. छत्र्या बारा, कारण गावकरांचे वांगड, म्हणजे मूळ घराणी, बारा. त्यांतल्या बहुतेक वांगडांची आजची पिढी रविवारी मिसेला जाणारी. तरी छत्रीचा मान ज्याचा त्याचा राहिलाय. पाद्रीसाहेबांना काय वाटतं, भटजींना काय वाटतं, याची फार चौकशी तिथे कोणी करत नाही. देवी कुठून आली हे त्या गर्दीत कोणालाही विचारा. हिंदू असो, ख्रिस्ती असो, तो पायाखालची जमीनच दाखवील.

आणि वास्कोचा दामोदर तर नारळातून आला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गावात साथ पसरली तेव्हा लोकांनी जांबावलीच्या दामोदराला साकडं घातलं, तिथून प्रसादाचा नारळ आणला आणि तोच पूजेला ठेवला. तिथून सप्ताह सुरू झाला. आजही श्रावणात, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, नवा नारळ ठेवतात, जुना समुद्रात सोडतात आणि चोवीस तास अखंड भजन चालतं. जांबावलीचा दामोदर स्वतः मडगावहून गेलेला, हे सांगायला नकोच.

चिमीने यातलं किती घेतलं कोणास ठाऊक. होडी मात्र तिने पक्की धरली. शाळेत तिच्या बाकावर एक ख्रिस्ती मुलगा बसतो. त्याला तिने ऐटीत सांगितलं की आमचा देव होडीतून आला. तो काही कमी नाही. म्हणाला, “आमचो तारवांतल्यान आयला,” आणि वर तारवाला शिडं किती, तोफा किती, तेही हात पसरून दाखवलं. होडीवर तारू भारी पडलं. चिमी फणकारत घरी आली आणि दप्तर फेकून सरळ स्वयंपाकघरात गेली.

“आजी, आपली होडी केवढी होती?”

आई कांदा चिरत होती. “लहानशीच.”

“लहान का? मोठी नाही मिळाली?”

“मोठी असती तर रात्री कोणी पाहिली नसती का?”

चिमी क्षणभर थांबली. मग हे उद्या त्याला सांगायचं म्हणून तिने दप्तरातून वही काढली आणि मागच्या पानावर होडी काढायला घेतली, जेवढी लहान जमेल तेवढी.