45 हजारांचं बजेट आणि उशिरा आलेली वरात

लेकीच्या लग्नाच्या फोटोंसाठी आमच्याकडे आलेल्या काकांनी दुसऱ्या एका स्टुडिओचं कोटेशन टेबलावर ठेवलं. बेरीज 1,24,000 आणि खाली बारीक अक्षरात ‘जीएसटी 18 टक्के वेगळा’. म्हणजे 1,46,320. काका म्हणाले, “भाऊ, माझं 45 च्या वर नाही होत. पोरगी म्हणून राहिली, मोबाइलवरच भागवू.” लग्न मे महिन्यातलं, मुहूर्त 11 वाजून 52 मिनिटांचा, वर्धा रोडवरचं लॉन, 400 पाहुणे.

कोटेशन असं होतं: प्री-वेडिंग 20,000, ट्रॅडिशनल फोटो 12,000, ट्रॅडिशनल व्हिडिओ 12,000, कॅन्डिड (नकळत टिपलेले फोटो) 18,000, सिनेमॅटिक (सिनेमासारखा व्हिडिओ) 22,000, ड्रोन 8,000, एलईडी वॉल (सोहळा दाखवायचा मोठा पडदा) आणि मिक्सर 10,000, 40-40 पानांचे दोन अल्बम 22,000. यात लबाडी काही नव्हती. मोठ्या तारखेला नागपुरात असे भाव लागतात. पण या यादीतल्या निम्म्या गोष्टी लग्नाच्या दिवशी नाही झाल्या तरी नंतर करता येतात, किंवा नाही केल्या तरी चालतात. अंतरपाट मात्र एकदाच खाली येतो. त्यामुळे परत न घडणाऱ्या गोष्टींवर पैसा लावायचा, एवढंच धरून आम्ही कागद नव्यानं मांडला.

प्री-वेडिंग गेलं. एलईडी वॉलही गेली. दुपारच्या उन्हात ती तशीही फिकी दिसते. ड्रोनचा प्रश्न वेगळाच होता. लॉन विमानतळाच्या इतकं जवळ की डिजिटल स्काय या सरकारच्या ड्रोन नकाशावर ती जागा लाल भागात येते, आणि लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. तरी कोटेशनात 8,000 धरलेले होतेच.

उरलं ते असं: मुख्य फोटोग्राफर 8 तास, 16,000. दुसरा फोटोग्राफर फक्त 3 तास, 5,000. व्हिडिओवाला एक, 10,000. लाइट धरणारा मदतनीस 1,500. निवड आणि रंगदुरुस्ती 4,000. 25 पानांचा एकच अल्बम, 12 बाय 36 इंचांचा, डिझाइनसकट 7,500. पेन ड्राइव्ह दोन, 1,000. बरोबर 45,000. आमची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असल्यानं जीएसटी नाही.

दुसऱ्या माणसाच्या 5,000 वर काका अडले. “दोन-दोन कशाला?” अंतरपाट धरला की नवरा एका बाजूला, नवरी दुसऱ्या बाजूला. शेवटच्या मंगलाष्टकानंतर कापड खाली येतं त्या दोन-तीन सेकंदांत एका कॅमेऱ्याला एकच चेहरा नीट मिळतो, दुसऱ्याचा नुसता कान. पळून बाजू बदलेपर्यंत अक्षता पडून गेलेल्या असतात आणि मधे दहा मोबाइल उभे असतात. अख्ख्या कागदावर सगळ्यात कामी येणारे 5,000 हेच.

हे 3 तास घड्याळावर बांधले नाहीत. ‘वरात गेटवर आल्यापासून 3 तास’ असं लिहून घेतलं. पत्रिकेवरच्या मुहूर्तावर माणूस बांधला की काय होतं, हे डीजेमागून चालणारी वरात ज्यानं पाहिली त्याला सांगायला नको. मुख्य फोटोग्राफरचे 8 तासही सकाळी 7 पासून न धरता 9:30 पासून धरले. हळद आदल्या दिवशी घरीच होती, ती नवरीच्या मावसभावानं मोबाइलवर काढायची. त्याला सूचना तीनच: लेन्स पुसायची, झूम करायचं नाही, फोटो व्हॉट्सॲपवर साधे न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवायचे. साधे पाठवले की फाइल दाबली जाते आणि अल्बमात चेहरे मेणासारखे गुळगुळीत होतात.

काही गोष्टी फुकटात मिळाल्या. मंडपवाल्यानं छताला लाल-पिवळं कापड ठरवलं होतं. दिवसा ऊन त्या कापडातून गाळून खाली येतं आणि खालचे सगळे चेहरे लालभडक दिसतात. हा रंग संपादनात पुरता निघत नाही, कारण चेहऱ्याच्या वरच्या बाजूला लाल असतो आणि खालून जमिनीवरचा उजेड वेगळा येतो. बोहल्यावर 15 बाय 15 फुटांपुरतं पांढरं कापड लावा, एवढंच मागितलं. त्याच्या गोडाऊनमध्ये होतं, वेगळे पैसे लागले नाहीत. मेकअपच्या खोलीत एकच ट्यूबलाइट होती. खुर्ची खिडकीपाशी ओढली आणि ट्यूब बंद केली. शालूचा खरा रंग तिथेच आला.

लग्नाच्या दिवशी वरात 12:40 ला गेटवर आली. दुसऱ्या माणसाचे 3 तास तिथून सुरू झाले. मुहूर्त केव्हाच टळला होता, मंगलाष्टकं सुरू झाली 1:15 ला. ऊन पांढऱ्या कापडावर सरळ पडत होतं, त्यामुळे खाली मऊ आणि भरपूर उजेड. कॅमेऱ्याचं सेटिंग शटर 1/500, ॲपर्चर 2.8, आयएसओ 400 च्या आसपास. फ्लॅशची गरजच पडली नाही. नवरीच्या बाजूचा कॅमेरा तिच्या डोळ्यांवर, नवऱ्याच्या बाजूचा थोडा मागे, अक्षतांसकट. कापड खाली आलं तेव्हा नवरी हसलीच नाही, तिनं आधी नवऱ्याचा वाकडा झालेला फेटा पाहिला. तो फोटो नंतर अल्बमच्या मधल्या पानावर गेला.

व्हिडिओवाल्याला विधी फुल एचडीत घ्यायला सांगितलं होतं. नागपुरी मे महिन्यात छोटा मिररलेस कॅमेरा 4के वर सलग चालवला की तापून मधेच बंद पडतो, आणि नेमका सप्तपदीत पडतो. घरच्या टीव्हीवर फरक कोणाला कळत नाही, फाइलही हलकी.

दीड तास गेला तो कुठून तरी भरून काढायचा होता. लग्नात वेळ सगळ्यात जास्त खातात ते ग्रुप फोटो. “मामा कुठे गेले?” असं विचारत फिरण्यात अर्धा तास जातो. इथे 18 ग्रुपांची यादी आधीच केलेली होती, म्हाताऱ्या माणसांचे ग्रुप वर, मित्रमंडळी सगळ्यात खाली. यादी नवरीच्या धाकट्या मामाकडे दिली. ते कॅमेऱ्याशेजारी उभे राहून नावं पुकारत होते आणि पुढच्या ग्रुपाला आधीच स्टेजच्या पायरीशी आणून ठेवत होते. आजी दोन मिनिटांत मोकळ्या होऊन पंगतीला गेल्या. 18 ग्रुप पाऊण तासात आटोपले. हे काम घरच्याच माणसाचं आहे, फोटोग्राफरला आत्या आणि मावशी ओळखू येत नाहीत. आहेरवाल्यांचे स्टेजवरचे फोटो दुसऱ्या माणसानं उरलेल्या वेळात काढले, पण ते अल्बमात घ्यायचे नाहीत असं आधीच ठरलं होतं. 40 पानी अल्बम फुगतो तो पाकीट देणाऱ्यांच्या रांगेनंच.

पाठवणी 6:20 ला झाली. 8 तास 5:30 ला संपले होते. जास्तीच्या तासाचा दर, 1,500, कागदावर होता.

त्या कागदावर आणखी चार गोष्टी होत्या आणि बजेट लहान असेल तर त्या जास्तच लागतात. कॅमेरा घेऊन नक्की कोण येणार त्याचं नाव, कारण मोठ्या तारखेला बुकिंग एकाकडे आणि हजर भलताच, असं सर्रास होतं. कॅमेऱ्यात दोन मेमरी कार्डं आणि दोन्हीवर एकाच वेळी नोंद. पैसे तीन हप्त्यांत: 30 टक्के बुकिंगला, 50 लग्नाच्या दिवशी, 20 अल्बम हातात पडल्यावर. हा शेवटचा हप्ता कोणी आधी मागितला तर देऊ नये, अल्बम लवकर यायचं तेवढंच एक औषध आहे. चौथी गोष्ट फोटोंच्या मालकीची. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोंचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा असतो. तेव्हा कोटेशनामागे छापलेली ‘सर्व हक्क स्टुडिओकडे’ ही ओळ सही करण्याआधी वाचावी. जाहिरातीसाठी फोटो वापरू देत असाल तर त्याबदल्यात दोन-चार पानं वाढवून मागायला हरकत नाही. काकांनी परवानगी दिली नाही; मुलीला नको होतं.

अल्बमचे फोटो निवडायची 15 दिवसांची मुदत काकांनी पाळली, त्यामुळे अल्बम जूनमध्येच छापायला गेला. ऐनवेळी आजोळचे फोटो वाढले म्हणून 4 पानं जास्त, 1,200. एकूण हिशेब 47,700. काकांनी कागद वरून खालपर्यंत वाचला आणि जास्तीच्या तासावर बोट ठेवलं. “हे पंधराशे माझ्याकडून काऊन? उशीर तर व्याह्यांच्या वरातीनं केला ना बाप्पा.” मग खिशातून पाकीट काढून मोजून दिले.