बिनपडद्याचा बेस

चार तारांची गिटार पाहिली की मालवणी माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "बाकीच्यो दोन खय गेल्यो?" बेस गिटारीला मुळातच चार तारा असतात, हे समजावून सांगायचं मी केव्हाच सोडलं आहे. "गेल्यो," म्हणतो आणि पुढे चालू लागतो. त्यामुळे दोन पावसाळ्यांपूर्वी मी तिच्या फ्रेटही उपटून काढल्या, तेव्हा वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या वाडीत कुणाला धक्का वगैरे बसला नाही. तारा गेल्या होत्या, आता पट्ट्या गेल्या. घरात पैशाची अडचण असेल, इतकाच अंदाज लोकांनी केला.

फ्रेट म्हणजे सतारीवाले ज्याला पडदा म्हणतात तीच वस्तू. फरक इतकाच की सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, रागाप्रमाणे सरकवता येतात; गिटारीचे लाकडात ठोकून बसवलेले. बोट पडद्याच्या जरा मागे कुठेही टेकवा, तार पडद्यावर थांबते आणि सूर नेमका लागतो. फेंडर कंपनीने १९५१ साली आपली बेस गिटार बाजारात आणली तेव्हा तिचं नावच 'प्रिसिजन बेस' ठेवलं. तोवर माणसाएवढा उंच डबल बेस कवटाळून, कानाने सूर शोधत वाजवावं लागायचं. आता पडदे आले, अचूकपणा आला. आणि पुढच्या पंधरा वर्षांत लोकांना त्या अचूकपणाचा कंटाळाही आला. १९६६ मध्ये अँपेग कंपनीने बिनपडद्याची बेस गिटार विकायला काढली, १९७० मध्ये खुद्द फेंडरनेही 'प्रिसिजन'चे पडदे काढून तीच पुन्हा विकली. आमच्याकडे नाही का, आधी बागेला छातीएवढा गडगा घालतात आणि मग शेजाऱ्याकडे जायला त्यातलेच चार चिरे काढून वाट पाडतात.

मला ही वाट हवीशी वाटली ती भजनामुळे. आमच्या देवळात बुवा पेटीवर गातात. पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये काहीच नसतं. याच दोषापायी आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला दारातही उभं केलं नव्हतं. पण बुवांचा गळा नेमका त्या दोन पट्ट्यांमधून चालतो. गजर संपताना ते एका सुरावरून दुसऱ्यावर असे घसरत उतरतात की खाली पेटी बिचारी पायऱ्या मोजत येते. माझी गिटार पेटीच्याच जातीची. तिच्यावर बोट घसरवलं की मींड निघत नाही, जिना निघतो.

दुसरं कारण आवाजाचं. पडदा असला की तार एका धातूच्या कडेवर टेकते आणि स्वर टणक, स्वच्छ येतो. पडदा काढला की तार थेट लाकडावर, बोटाच्या मांसाखाली दबते आणि थरथरताना पुढच्या लाकडाला हलकेच घासत राहते. त्यातून स्वर आधी दबका निघतो आणि मग उमलतो. इंग्रजीत बेसवाले याला 'म्वाह' म्हणतात. आपल्याला एवढी कसरत करायचं कारण नाही, तंबोऱ्याची जवारी ऐकलेल्या माणसाला हे लगेच कळतं. तिथे तार घोडीच्या किंचित गोलवट माथ्यावर घासते, इथे मानेवरच्या पट्टीच्या लाकडावर. नातं जवळचं आहे.

तर आता विकत घ्यायची, की आहे तीच सोलायची?

विकत घ्यायची बाजू तशी भक्कम. कारखान्यातून आलेल्या फ्रेटलेसची, म्हणजे बिनपडद्याच्या बेसची, पट्टी सपाट आणि घोटलेली असते, नटच्या, म्हणजे मानेच्या टोकाशी तारा जिच्यावर टेकतात त्या आडव्या तुकड्याच्या, खाचा खोल कापलेल्या असतात, आणि मुख्य म्हणजे तुमची जुनी गिटार जिवंत राहते. सिंधुदुर्गात असलं वाद्य दुकानात टांगलेलं मिळण्याची आशा मी धरली नव्हतीच. पणजीला आणि कोल्हापूरला मात्र जाऊन आलो. दोन्हीकडे एकच उत्तर, "मागवावी लागेल, पैसे आधी." फ्रेटलेस न वाजवता घेणं म्हणजे आंबा न हुंगता पेटी उचलणं. मी घरी परतलो. बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "एक धड वाजवूक येणा नाय, दुसरी कशाक?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही.

मग मनात बिनपडद्याच्या बेसचा गाजलेला वादक जॅको पॅस्टोरियस आला. फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेलमध्ये, म्हणजे समुद्राकाठीच, वाढलेला पोरगा. त्याने फेंडरचीच १९६२ ची एक 'जॅझ बेस' घेतली, तिच्या फ्रेट गेल्या, चरा बुजवल्या गेल्या आणि वर त्याने होड्यांना लावतात ते एपॉक्सी, म्हणजे वाळून टणक होणारं रेझीन, चढवलं. १९७६ साली त्याची पहिली तबकडी आली आणि जगभरच्या बेसवाल्यांनी आपापल्या गिटारीकडे संशयाने पाहायला सुरुवात केली. १९८७ मध्ये तो गेला, जेमतेम पस्तिशीत. त्याने फ्रेट लोण्याच्या सुरीने उपटल्या अशीही गोष्ट सांगतात. आमच्या घरात लोण्याची सुरी नाही. आडाळो आहे, पण त्याच्यावर बसून खोबरं किसायचं असतं.

होडीचं एपॉक्सी मात्र आमच्या अंगणातलं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद. ट्रॉलर किनाऱ्यावर ओढलेले, झापांनी शाकारलेले, आणि डागडुजी चालू. फ्लोरिडाच्या माणसाला जे सुचलं ते वेंगुर्ल्याच्या माणसाला का सुचू नये, अशा आवेशात मी फायबरच्या होड्या करणाऱ्या एका शेडमध्ये गेलो. तिथल्या काकांनी गिटार उलटीपालटी करून पाहिली, डब्यातल्या रेझीनचा भपकारा माझ्या नाकाकडे जाऊ दिला आणि म्हणाले, "ह्या तुका चलाचा नाय. ह्या पॉलिएस्टर. तुका एपॉक्सी होया." होड्या ज्याने बांधतात ते स्वस्त पॉलिएस्टर रेझीन वेगळं, जॅकोने लावलेलं एपॉक्सी वेगळं, हे मला एका होडी बांधणाऱ्याने शिकवलं. एपॉक्सी मग हार्डवेअरच्या दुकानात मिळालं, दोन बाटल्यांत, एकात रेझीन आणि एकात हार्डनर.

फ्रेट काढायचं काम मात्र मीच केलं, आणि ते मला फार आवडलं. सोल्डरिंग आयर्न फ्रेटवर टेकवायचं, धातू तापला की लाकडाची पकड सैल पडते. मग तोंड घासून सपाट केलेल्या कटर-पक्कडीने एका टोकापासून हळूहळू, दात काढल्यासारखं, उचकटत जायचं. घाई केली की कडेच्या ढलप्या उडतात. माझ्या वीस फ्रेटमध्ये सात ठिकाणी उडाल्या. चौदाव्या फ्रेटची तर मी वाटीत ठेवून चौकशी केली, इतकी सुंदर निघाली होती. ती अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे.

आता चरा बुजवायच्या. त्या रिकाम्या ठेवून चालत नाही. प्रत्येक फ्रेटचं खालचं पातं चरेत पाचरीसारखं बसलेलं असतं, वीस पाचरा एकदम निघाल्या की मान तारांच्या ताणाने पुढे वाकते. तिच्यात एक सळी असते, ॲलन कीने ती आवळता येते, पण आधी खड्डे भरून घ्यायला हवेत. यासाठी लाकडाची अर्ध्या मिलिमीटरची पट्टी हवी. मी गिटार पोतडीत घालून सुतारकाकांकडे गेलो. ते दार घासत होते.

"मेल्या, चांगल्या वाद्याची वाट कशाक लावतंस?"

मी सांगितलं. मींड, जवारी, भजनीबुवा, सगळं.

"आणि सूर मगे खय गावतलो?"

"कानान."

"कान आसत मा तुका?" असं म्हणून त्यांनी रंधा उचलला, फणसाच्या एका तुकड्यावर पातं जरा बाहेर काढून चालवला, आणि कागदाहून जाड अशी पिवळीधमक साल माझ्या हातात ठेवली. मी सागाची किंवा शिसवीची मागणार होतो. गिटारीची पट्टी काळपट शिसवी, तिच्यात काळपटच पट्टी भरली की रेषा दिसणार नाहीत, असा माझा बेत. काका म्हणाले, मृदंग फणसाचो, वीणा फणसाची, तुझी ही काय आसा ती फणसाची असली तर काय बिघडलां? शिवाय फुकट होती. त्या दिवसापासून माझ्या गिटारीवर वीस पिवळ्या रेषा आहेत. वादक याला 'लाइन्ड फ्रेटलेस' म्हणतात आणि त्यातले कडवे त्याच्याकडे पोहण्याच्या चाकासारखं बघतात.

जाताना काकांनी एक गोष्ट बजावली होती, "पावसात लाकडाक हात लावू नये. दिवाळी झाल्यावर कर." मी ऐकलं नाही. जुलैत बंद खोलीत, पंखा लावून, एपॉक्सीचे थर दिले. सकाळी बघतो तर वर तेलकट पांढुरका पापुद्रा. दमट हवेत हार्डनर हवेतल्या ओलाव्याशीच संसार थाटतो आणि असा पदर सोडतो, हे मला नंतर कळलं. पुसला, पॉलिश पेपरने घासला, पुन्हा थर दिला, पुन्हा तेच. आमच्याकडे पावसात दारं फुगून बसतात, मीठ पाण्यात उभं राहतं, वर्तमानपत्र चादरीसारखं मऊ पडतं. त्या घरात मी काचेसारखी पट्टी करायला निघालो होतो. शेवटी गिटार भिंतीला टेकवून ठेवली आणि त्या वर्षी गणपतीत आरतीला झांजा वाजवल्या. झांजेला पडदे नसतात.

काम पुरं झालं ते कार्तिकात. आणि तेव्हा हिशेब मांडला. गिटार मुळात मुंबईला चाललेल्या एका ऑर्केस्ट्रावाल्याकडून जुनी घेतलेली. एपॉक्सी दोनदा आणलं, कागद किती घासले त्याला मोजमाप नाही. आणि नेहमीच्या गोल वेटोळ्यांच्या तारा लाकूड कानशीसारख्या खातात म्हणून सपाट गुंडाळीच्या, फ्लॅटवाउंड, तारा मागवल्या. त्यांनाच गिटारीच्या जवळजवळ निम्मी किंमत पडली. वाचवलेले पैसे असे निघून गेले. वर एक शहाणा मित्र म्हणाला, "मानच बदलायचीस ना!" बऱ्याच बेस गिटारींची मान मागून चार स्क्रूंनी घट्ट केलेली असते. फ्रेटलेस मान वेगळी विकत मिळते, ती बसवायची आणि जुनी तशीच कपाटात ठेवायची. हे आधी सांगितलं असतं तर मैत्री टिकली असती. त्यामुळे कुणी विचारलंच तर माझं मत असं आहे की घरात एकच गिटार असेल तर तिला हात लावू नका. दुसरी जुनाट, पडून असलेली असेल तर जरूर सोला. नवीन घेण्यात गंमत कमी आहे पण गणपती चुकत नाही.

वाजवायला बसलो तेव्हा पहिला फटका ठिपक्यांनी दिला. मानेच्या वरच्या कडेवर छोटे ठिपके असतात, वादक त्यांच्याकडे बघून वाजवतो. पण ते दोन फ्रेटच्या मधोमध असतात, कारण फ्रेट असताना बोटही मध्येच पडतं. फ्रेटलेसवर बोट बरोब्बर रेषेवर पडावं लागतं. तिसऱ्या ठिपक्यावर विश्वासाने बोट ठेवलं आणि असा सूर निघाला की अंगणातलं मांजर उठून गेलं. शिवाय अंतरं सारखी नाहीत. चौतीस इंची तारेवर पहिलं घर साधारण ४८ मिलिमीटरचं, बारावं २५ च्या आसपास, विसावं जेमतेम १६. खाली बोट चार मिलिमीटर इकडेतिकडे झालं तर खपून जातं, वर तेवढ्यात सूर एका घराच्या जवळपास चतुर्थांश सरकतो. गंमत म्हणजे सगळ्यात खालची तार ४१ हर्ट्झची, तिथे सूर ऐकण्यापेक्षा छातीत जाणवतो. तिच्यावर चुकलेलं बुवांना कळत नाही, मला कळतं. वरच्या तारेवर चुकलेलं बुवांनाच आधी कळतं.

या वर्षी गणपतीत मी गजराला बेस वाजवला. एका ठिकाणी बुवा वरून खाली घसरले आणि त्यांच्याबरोबर मीही, पायरी न लागता. बुवांनी पेटीवरून मान वळवून पाहिलं. पुढच्याच ओळीत मी सुरातून उतरलो, तेव्हाही पाहिलं.

फणसाचं लाकूड नवं असताना हळदीसारखं असतं आणि उजेडात हळूहळू तांबूस, मग तपकिरी होत जातं. काका म्हणाले होते, चार-पाच वर्षांत तुझ्यो रेषा दिसाच्यो नाय, तवसर कान तयार कर. वरच्या बाजूच्या, खिडकीकडच्या रेषा आताच मंद झाल्या आहेत. त्या टिकाव्यात म्हणून वाजवून झालं की हल्ली मी गिटार जाड काळ्या खोळीत घालून कपाटात ठेवतो. काकांना हे सांगितलेलं नाही.