बाबांच्या खणात आईचा गोळाभात

बाबा ग्रंथपाल होते. वाचनालयाची सूची कॉम्प्युटरवर गेली तेव्हा कार्डांची सागवानी कपाटं भंगारात निघाली, त्यातला एक खण बाबांनी पैसे भरून घरी आणला. पितळी मूठ, समोर चिठ्ठी सरकवायची चौकट, आत कार्डं ओवून ठेवणारी सळई. कितीतरी वर्षं त्यात विजेची बिलं पडून होती. बाबा गेल्यावर नागपूरच्या महाल भागातल्या घरून तो मी धरमपेठेत आणला आणि गेल्या पावसाळ्यापासून त्यात आईच्या स्वयंपाकाची कार्डं लावते आहे. चौकटीत चिठ्ठी घातली, ६४१.५. ड्युई वर्गीकरणात स्वयंपाकाच्या पुस्तकांचा हा क्रमांक. बाबांनी मी शाळेत असतानाच तो पाठ करून घेतला होता.

सूचीकार्डाचं माप ७.५ बाय १२.५ सेंटीमीटर. दुकानात मिळतात ती ३ बाय ५ इंचांची, म्हणजे दोन मिलिमीटर लांब, आणि तेवढ्यानंच या खणात अडतात. म्हणून २५० जीएसएमचा जाड कागद आणून घरीच कापते. खाली मधोमध सळईसाठी भोक पाडते आणि तेवढी पट्टी कोरी सोडते. पहिली अकरा कार्डं हौसेनं शाईच्या पेननं लिहिली. ओल्या हातानं एक उचललं आणि हिंग, मोहरी, सगळं वाहून गेलं. ती सगळी पुन्हा पेन्सिलीनं लिहिली. पाण्यानं पेन्सिल जात नाही. लॅमिनेशन मात्र मी करणार नाही. आईला काही आठवलं की ते त्याच कार्डावर लिहिता आलं पाहिजे.

खरं काम मापांचं. घरच्या वहीतली पहिली पानं आजीची, त्यांत छटाक आणि पावशेर. एक शेर ९३३ ग्रॅमचा, त्यात सोळा छटाक, म्हणजे छटाक साधारण ५८ ग्रॅम. ते गणितानं सुटतं. आईची मूठ कशी सोडवायची?

एका रविवारी गोळाभाताला बसलो. जाडसर दळलेलं बेसन आईनं मुठीनं कोपरात, म्हणजे परातीत, टाकलं की मी ते उचलून काट्यावर ठेवायची. तीन मुठी झाल्या : ३८, ४१, ३९ ग्रॅम.

"काय मोजून राहिली तू? हातानं पाह्य ना."

मग तिनं तेलाचं मोहन घातलं, तिखट, हळद, मीठ, ओवा घातला आणि पीठ मुठीत दाबून दाखवलं. मूठ उघडल्यावर गोळा उभा राहिला, पण बोटानं ढकलताच मोडला. "आता पाणी. हातावर घेऊन शिंपड, ओतू नको." भात अर्धा शिजल्यावर गोळे वर ठेवून गंजावर झाकण घातलं. कार्डावर मी ग्रॅम लिहिलेच, पण पहिली ओळ आईची ठेवली : मूठ उघडल्यावर उभा राहावा, बोटानं मोडावा.

शब्दही तिचेच ठेवते. पुण्यात वाढलेल्या भाचीला सांबार म्हणजे इडलीबरोबरचं वाटतं. तिच्यासाठी कार्डामागे अर्थ देते : सांबार म्हणजे कोथिंबीर, गंज म्हणजे पातेलं, सराटा म्हणजे उलथणं. पुढच्या बाजूला मात्र सांबारवडीच राहील. आमच्या घरात तिला कोणी कोथिंबीरवडी म्हटलेलं नाही.

विभाग पाडायला बाबांच्या हातची, बाद झालेली सूचीकार्डं उलटी करून वापरली आहेत. रोजचं, पोळा, महालक्ष्म्या, वाळवण. महालक्ष्म्यांच्या मागे आंबील आणि कढी लागली. वाळवणाच्या मागे एकच कार्ड आहे, कुरड्या. त्यावर एवढंच लिहिलंय : गहू तीन दिवस भिजवणे, रोज पाणी बदलणे. चीक शिजला हे कसं ओळखायचं, ते आईला फोनवर चारदा विचारलं. ती म्हणते, चकाकी येते, पण ती चकाकी सांगून कळत नाही, मे महिन्यात पहाटे पाचला ये, ऊन चढायच्या आत चीक शिजवून गच्चीवर घालू.

रजा टाकली आहे.