सगळ्यात वाईट दिवशीही जमेल तेवढंच

मागच्या आठवड्यात माझं यंदाचं केन्को शिन्दान झालं, म्हणजे ऑफिसतर्फे दरवर्षी होणारा हेल्थ चेकअप. जपानमध्ये कंपनीला तो करावाच लागतो, कायदाच आहे तसा. कंबर ८९ सेंटीमीटर भरली. तीन वर्षांपूर्वी ९६ होती. घरी आल्यावर आधी आईला फोन केला आणि मग म्हटलं आता लिहूनच टाकू, कारण भारतातल्या मैत्रिणी सारख्या विचारतात की कुठलं डाएट केलंस.

तर आधी कंबरेचं सांगते. २००८ पासून इथे ४० ते ७४ वयाच्या लोकांच्या तपासणीत कंबर मोजतात. पुरुषांना ८५ सेंटीमीटरची मर्यादा, बायकांना ९०. (आपल्याकडे डॉक्टर बायकांसाठी ८० धरतात, त्यामुळे माझं ८९ बघून मी निवांत बसलेली नाहीये.) जपानमध्ये जाड माणसाला दंड होतो असा एक मेसेज व्हॉट्सॲपवर फिरत असतो, तो खोटा आहे, कुणालाही दंडबिंड होत नाही. कंबर जास्त आणि सोबत शुगर, बीपी किंवा रक्तातली चरबी वाढलेली असेल तर एक पत्र येतं आणि सल्ल्यासाठी बोलावतात, एवढंच.

मला ते पत्र आलं होतं.

मी गेले ते डाएट चार्ट मिळेल या हिशोबाने. तोपर्यंत माझे बरेच चार्ट करून झाले होते, महिनाभर भात बंद, रात्री फक्त सूप, सोळा तासांचा उपवास, आणि प्रत्येक वेळी पाच-सहा किलो उतरायचे आणि दिवाळीपर्यंत सात परत यायचे, शिवाय आपल्यात जिद्दच नाही असं वाटून खूप रडू यायचं ते वेगळंच. समोर बसलेल्या होकेन्शी, म्हणजे आरोग्य सल्ला देणाऱ्या नर्स, माझ्यापेक्षा वयाने लहान होत्या. त्यांनी चार्ट दिलाच नाही. म्हणाल्या, "तुमचा सगळ्यात वाईट दिवस कसा असतो ते सांगा." मी सांगितलं, रात्री साडेनऊला घरी, मुलीचा अभ्यास बघायचा राहिलेला, डोकं दुखतंय आणि भूक अशी की उभ्या उभ्याच खायला सुरुवात. त्या म्हणाल्या, "मग त्या दिवशीसुद्धा तुम्हाला जमेल असं काय आहे? तेवढंच लिहा." कागदावर मीच लिहायचं, त्या नाही. मला हे आजही फार मोठं वाटतं. आजवर सगळ्यांनी माझ्या चांगल्या दिवसासाठी नियम करून दिले होते.

मी दोनच गोष्टी लिहिल्या. पहिली, घरी येताना निशी-कासाईला, म्हणजे टोकियोतल्या माझ्या घराजवळच्या स्टेशनला, न उतरता एक स्टेशन पुढे कासाईला उतरायचं आणि मागे चालत यायचं. माझी ट्रेन ओतेमाचीहून येते, आधी विचार केला होता अलीकडच्या स्टेशनला उतरावं, पण मध्ये अराकावा नदी आहे आणि तो पूल रात्री नको वाटतो. कासाईहून वीसेक मिनिटं लागतात. यात वेगळा वेळ काढणं नाही, कपडे बदलणं नाही, घरी तर जायचंच असतं! दहा हजार पावलांचा आकडा मी डोक्यातून काढूनच टाकला. तो मुळात इथलाच, १९६५ साली 'मान्पोकेई' नावाचं पावलं मोजायचं यंत्र आलं, त्या नावाचा अर्थच दहा हजार पावलांचं मीटर, म्हणजे आकडा बाजारातून आलाय.

दुसरी गोष्ट भाताची. मी सांगलीची, भात सोडणं मला जमणार नाही आणि सोडायचाही नव्हता. फक्त ताटात वाढून घेणं बंद केलं आणि इथल्या छोट्या भाताच्या वाडग्यात घ्यायला लागले, एक वाडगा, आणि त्याआधी कोशिंबीर संपवायची. इथेही भाज्या आधी खा असं सांगतात. आपण कोशिंबीर करतो पण चमचाभर, ताटाच्या कडेला. मी वाटीभर करते, काकडी, गाजर, कधी दुधी उकडून.

सहा महिन्यांनी वजन फक्त अडीच किलो उतरलं होतं. पूर्वी एवढ्यावर मी सोडून दिलं असतं.

व्यायाम आला तो लेकीमुळे. उन्हाळ्याच्या सुट्टीत इथल्या मुलांना सकाळी साडेसहाला बागेत राजिओ ताइसोला जायचं असतं, रेडिओवर पियानो वाजतो आणि त्याच्या तालावर कवायत, कार्डावर रोज शिक्का मिळतो. ही रेडिओवरची कवायत १९२८ साली सुरू झाली. तिला एकटीला कसं पाठवायचं म्हणून मी गेले, तर तिथे पंचाहत्तरीच्या आज्या हात वर करून वाकत होत्या, सगळ्यांना पाठ. सुट्टी संपली, मुलं यायची थांबली, आज्या येतच राहिल्या आणि मीही. एक दिवस गेले नाही तर दुसऱ्या दिवशी एक आजी विचारतात, "काल बरं नव्हतं का?"

जानेवारीत सांगलीला गेले तेव्हा पंधरा दिवसांत दोन किलो वाढले. आई म्हणायची, "घे की गं, काय हुतंय एका पोळीनं," आणि मी घेतली, इतक्या लांबून येऊन आईला नाही म्हणायचं नाही हे मी ठरवूनच गेले होते. परत आले त्या सोमवारी ऑफिसमधून निघाले आणि कासाईला उतरले. मार्चपर्यंत ते दोन किलो गेले, वेगळं काही केलं नाही.

रात्रीच्या रिलीजचं, म्हणजे ऑफिसात नवं सॉफ्टवेअर रात्री चालू करायचं असतं त्या दिवसाचं, मात्र अजून सुटलेलं नाही. दोन वाजता काम संपतं तेव्हा ट्रेनही नसते आणि खाली कोंबिनी, म्हणजे रात्रभर चालणारं खाण्यापिण्याचं छोटं दुकान, उघडं असतं. पुढच्या रिलीजला घरून डब्यात ताकातली ज्वारीची उकड न्यायचं ठरवलंय, बघू कसं जमतं.